डोक्यावर पाणी की खडक: समुद्रगुहेतले पहिले स्कूबा डायव्हिंग

माझी भाची डोंबिवलीत राहते आणि एका कंपनीत जपानी भाषेची दुभाषी म्हणून काम करते. कामानिमित्त तिचे ओकिनावाला जाणे ठरले तेव्हा एका रविवारी तिचा फोन आला: "मामा, तिथे समुद्रातल्या गुहेत डायव्हिंग करवतात. पोहता येत नसलं तरी नेतात म्हणे. जाऊ का?" मी स्वतः तोपर्यंत मुंबईतल्या तरणतलावात धडे घेऊन मालवणच्या समुद्रात तीन-चार वेळा उतरलो होतो, एवढ्या भांडवलावर तिने मला तज्ज्ञ ठरवले होते. तरीही मला लगेच हो किंवा नाही म्हणता येईना, कारण पाण्याखालच्या बाबतीत 'गुहा' हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या जागांसाठी वापरतो, आणि त्यांपैकी एका जागी नवशिक्याला गाईडबरोबर जाता येते, तर दुसऱ्या जागी अनुभवी प्रशिक्षकांचेही जीव गेलेले आहेत.

आधी समुद्रगुहा तयार कशी होते ते पाहू. घारापुरीला किंवा कान्हेरीला आपण सवयीने गुहा म्हणतो, पण ती लेणी आहेत, माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली. समुद्रगुहा लाटा कोरतात. किनाऱ्याच्या खडकात जिथे भेग असते किंवा एखादा थर ठिसूळ असतो तिथे लाट आदळते, भेगेतली हवा क्षणभर दाबली जाते, लाट मागे सरताच ती फुटल्यासारखी बाहेर येते, आणि पाण्याबरोबर आलेली वाळू व गोटे हजारो वर्षे तोच पृष्ठभाग घासत राहतात. याचा अर्थ असा, की समुद्रगुहा नेमकी तिथेच असते जिथे लाटेचा जोर खडकाला भारी पडतो. तिचे छायाचित्र काढले जाते ते शांत दिवशी. ती घडलेली असते ती खवळलेल्या दिवसांत.

आता मूळ मुद्दा. उथळ पाण्यातल्या स्कूबाची सगळी सुरक्षितता एका गृहीतकावर उभी आहे: काहीही बिघडले, तरी वर जाता येते. मास्कमध्ये पाणी शिरले, हवा संपत आली, सोबतचा माणूस दिसेनासा झाला किंवा नुसतीच भीती वाटली, तर शांतपणे आणि सावकाश वर जायचे, डोके पाण्याबाहेर काढायचे, प्रश्न संपला. डोक्यावर खडक आला की हे गृहीतक कोसळते. मग वर जाण्यापूर्वी मागे जावे लागते, आणि मागे जाण्यासाठी वाट दिसावी लागते, हवा पुरावी लागते आणि डोके ठिकाणावर राहावे लागते. म्हणून भाचीला मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्या गुहेत मान वर केलीस तर काय दिसेल?"

ओकिनावाच्या ओन्ना गावाजवळ माएदा अंतरीप आहे. तिथल्या चुनखडीच्या कड्याखाली 'निळी गुहा' म्हणून प्रसिद्ध असलेली जागा आहे, आणि भाचीला न्यायचे होते ते तिथेच. या गुहेत पाण्याच्या वर हवा आहे आणि ती हवा बाहेरच्या मोकळ्या हवेशी जोडलेली आहे. माणसे तिथे डोके वर काढून गप्पाही मारतात. गुहेचे पाण्याखालचे तोंड रुंद असून त्यातून ऊन आत येते, पाण्यातून येताना त्यातला तांबडा भाग आधीच शोषला जातो, आणि उरलेला निळा प्रकाश तळावरून परावर्तित होऊन सगळे दालन आतून उजळल्यासारखे दिसते. इटलीतल्या कॅप्री बेटाची निळी गुहाही याच तत्त्वावर चमकते. तिचे वरचे तोंड मात्र जेमतेम मीटरभर उंच असल्याने होडीत आडवे होऊन आत शिरावे लागते. अशा जागेला खरे तर गुहा म्हणण्यापेक्षा छत असलेली खाडी म्हणावे.

दुसरा प्रकार म्हणजे जिथे पाणी छतापर्यंत भरलेले असते. त्यातही प्रशिक्षण संस्था एक सीमा मानतात. तोंडाजवळचा, जिथून बाहेरचा नैसर्गिक उजेड दिसतो तो भाग वेगळा, आणि उजेड नाहीसा झाल्यानंतरचा भाग वेगळा. 'पॅडी' या संस्थेच्या नियमानुसार पहिल्या भागातही पृष्ठभागापासूनचे उभे आणि आडवे अंतर मिळून ४० मीटरांच्या पुढे जायचे नाही, आणि एवढ्यासाठीसुद्धा वेगळे प्रशिक्षण लागते. पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरल्यावर मागच्या तोंडाचा उजेड काही क्षण दिसत राहतो आणि मग विझतो. तो जिथे विझतो तिथे ही सीमा आहे असे समजावे. गाडीला रूळ असतात. पाणबुड्याला रूळ म्हणून बाहेरपासून आतपर्यंत अखंड बांधलेली एक दोरी असते, आणि त्या दोरीविना पुढे गेलेले लोक परतले नाहीत अशी उदाहरणे फार आहेत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांच्या तोंडाशी यमदूताचे चित्र असलेल्या पाट्या लावल्या आहेत. अशा गुहांत तीनशेहून अधिक जण मेले असून त्यांत डायव्हिंगचे प्रशिक्षकही होते, असे त्या पाट्यांवर स्पष्ट लिहिलेले आहे. खुल्या पाण्यात उत्तम शिकवणाऱ्याला गुहा माहीत असतेच असे नाही, हे त्यातले सांगणे आहे.

२०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले, तेव्हा आपल्याकडच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञ पाणी उपसण्याच्या कामी मदतीला गेले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या मोहिमेत हवेची सिलिंडरे आत पोहोचवून परतताना समन कुनान या थाई नौदलाच्या माजी पाणबुड्याचा मृत्यू झाला. ती गुहा समुद्रातली नव्हे, डोंगरातली होती. पण डोक्यावर खडक असण्याचा अर्थ दोन्हीकडे सारखाच.

तेव्हा भाचीचा प्रश्न पहिल्या प्रकारच्या गुहेचा आहे असे धरून पुढे जाऊ. कारण तिथेही शरीराला ज्या गोष्टी कळाव्या लागतात त्या सगळ्या लागू होतातच.

पाण्याचा दाब ही त्यातली सर्वांत महत्त्वाची. समुद्रसपाटीला आपल्यावर हवेचा एक वातावरण इतका दाब असतो. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटरला आणखी एक वातावरण वाढते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीला येताना कानाला दडे बसतात. दाबातला तेवढा फरक पाण्यात अर्ध्या-पाऊण मीटरवरच पडतो. म्हणून नवशिक्याला पहिला त्रास होतो तो गुहेत नव्हे, माशांमुळे नव्हे, तर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पहिल्या दोन मीटरांत, कानात. पडद्याच्या बाहेर दाब वाढतो, आतली हवा तशीच राहते, पडदा आत ढकलला जातो आणि दुखू लागते. उपाय सोपा आहे: नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच नाकातून फुंकर मारल्यासारखे करायचे, म्हणजे घशातून कानाकडे जाणारी नळी उघडून आत हवा जाते. सतराव्या-अठराव्या शतकातल्या अंतोनियो वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचे नाव या युक्तीला मिळाले आहे. दुखायला लागण्यापूर्वीच आणि दर हात-दीड हात खाली गेल्यावर ती करायची. दुखू लागल्यावर जोर लावून फुंकणे हा मार्ग नव्हे. तेव्हा थोडे वर यायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी झालेली असेल तर ही नळी उघडत नाही, त्यामुळे पैसे भरलेले असले तरी त्या दिवशी उतरू नये. औषध घेऊन नाक मोकळे करण्याचा मोह होतो, पण पाण्याखाली औषधाचा परिणाम ओसरला तर वर येताना आत अडकलेली हवा तेवढाच त्रास देते.

याच दाबाची दुसरी बाजू वर येताना दिसते. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडलेला नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला असतो: दाब दुप्पट, आकारमान निम्मे. जुहू चौपाटीवरचा एक लिटर हवेचा फुगा १० मीटर खाली नेला तर अर्ध्या लिटरचा होईल आणि वर आणला की पूर्ववत होईल. त्यात काही धोका नाही. पण तोच फुगा १० मीटर खाली असताना त्यात एक लिटर हवा भरली आणि गाठ मारून वर आणला, तर वर येईपर्यंत तो दोन लिटरचा होऊ पाहील. स्कूबा करणाऱ्याची फुप्फुसे हाच दुसरा फुगा आहेत, कारण तो खालीच, वाढलेल्या दाबाने मिळणारी हवा घेत असतो. म्हणून श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा स्कूबाचा पहिला नियम आहे. तलावात डुबकी मारणाऱ्याला श्वास रोखण्याची सवय असते, त्यामुळे गंमत अशी होते की ज्याला पोहता येत नाही त्याला हा नियम कधीकधी लवकर अंगवळणी पडतो. फुप्फुसाला इजा व्हायला फार खोली लागत नाही. दीड-दोन मीटरवरून श्वास कोंडून घाईने वर येणेही पुरते.

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो हा गैरसमज वर्तमानपत्रांतही आढळतो. त्यात आपण घेतो तीच साधी हवा असते, गाळून, कोरडी करून, सुमारे २०० बार दाबाने भरलेली (एक बार म्हणजे साधारण एक वातावरण). शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यात विषासारखा ठरतो. ही हवा तोंडात धरलेल्या रेग्युलेटरमधून, आपण ज्या खोलीवर असू तिथल्या दाबाने आणि मागू तेवढीच येते. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये ही रचना तयार केली आणि तिच्यामुळेच आज पर्यटकाला पाण्याखाली जाता येते. बाकी मास्क, पायातले फिन्स, कमरेची वजने आणि हवा भरून-सोडून तरंगणे सांभाळणारे जॅकेट ही सामग्री गाईडच चढवतो, त्याची चिंता नवशिक्याने करू नये.

हवेचा हिशेब मात्र स्वतःला कळला पाहिजे. सुमारे ११ लिटरचे सिलिंडर २०० बारने भरले असेल तर त्यात मोकळ्या दाबाची २२०० लिटर हवा असते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला १० मीटरवर ४० लिटर लागतात, म्हणजे सगळे सिलिंडर ५५ मिनिटांत रिकामे. घाबरलेला माणूस सहज दीडपट घेतो. त्याचे ३६-३७ मिनिटांतच संपते. शिवाय भरभर घेतलेला उथळ श्वास कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर टाकत नाही, आणि शरीरात तो साठला की गुदमरल्यासारखे वाटते, म्हणून माणूस आणखी भरभर श्वास घेतो. पाण्याखाली 'हवा पुरत नाही' अशी भावना होते तेव्हा पुष्कळदा सिलिंडर अर्धे भरलेले असते आणि उपाय असतो तो फक्त लांब उच्छ्वास सोडण्याचा.

खुल्या पाण्यात ५० बार शिल्लक असताना वर आले की पुरते. छताखाली जाणारे लोक तृतीयांशाचा नियम पाळतात: एक भाग आत जायला, एक बाहेर यायला, एक हात न लावता ठेवायला. हा तिसरा भाग कंजूषपणा वाटतो, पण त्याचा हिशेब चोख आहे. समजा, दोघे जण आत गेले, प्रत्येकी सुमारे ६५ बार वापरून सर्वांत आतल्या टोकाला पोहोचले आणि नेमके तिथे एकाचे उपकरण बंद पडले. आता एकाच सिलिंडरमधल्या १३५ बारवर दोघांना बाहेर यायचे आहे आणि प्रत्येकाला ६५ लागणार आहेत. जेमतेम पुरते. अर्धी हवा आत जायला वापरली असती तर दोघांपैकी एकाचीही खात्री नव्हती. शेक एक्सले या अमेरिकन पाणबुड्याने गुहांमधल्या अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यात बाहेरपर्यंत अखंड दोरी नसणे, परतीसाठी पुरेशी हवा न राखणे आणि फार खोल जाणे ही तीन कारणे ठळक होती. नंतर त्यात अपुरे प्रशिक्षण आणि अपुरे दिवे यांची भर पडली. या पाचांतले एकही 'नशीब' नाही, हे मला लक्षणीय वाटते.

बोलणे बंद झाले की खुणांची भाषा लागते, आणि तिथे माझी स्वतःची फजिती झालेली आहे. उपनगरातल्या एका तलावात पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने विचारल्यासारखा हात केला, मला खरोखर मजा वाटत होती म्हणून मी अंगठा उंचावला. त्याने तत्काळ माझा दंड धरला आणि मला वर आणले. मी पुन्हा खाली गेलो, पुन्हा अंगठा, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी पाण्याबाहेर डोके काढून तो म्हणाला, "काका, अंगठा म्हणजे 'वर चला'. मस्त वाटत असेल तर हे असं गोल करा." तर्जनी आणि अंगठा जोडून केलेले वर्तुळ म्हणजे ठीक; आडवा पंजा डुगडुगवला म्हणजे काहीतरी बिघडले आहे, आणि त्यानंतर बोट त्या अवयवाकडे किंवा वस्तूकडे न्यायचे. अंधुक जागी टॉर्चच्या प्रकाशाचा गोल म्हणजे ठीक, आणि झोत डावीउजवीकडे जोराने फिरवला म्हणजे तातडीची हाक. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे तो ऐकू आला तरी कोणत्या दिशेने आला हे कानांना ठरवता येत नाही. म्हणून गाईडवरची नजर ढळू द्यायची नाही.

समुद्रगुहेचे म्हणून जे खास संकट असते ते लाटांच्या हेलकाव्याचे. बाहेर मंद वाटणारी लाट अरुंद जागेत शिरली की तेच पाणी वेगाने आत ढकलले जाते आणि तितक्याच वेगाने बाहेर खेचले जाते. गाईड अशा वेळी खडकापासून दूर, दालनाच्या मध्यभागी ठेवतो आणि पाण्याशी झगडू देत नाही. पाणी पुढे नेईल तेव्हा पाय मारायचे, मागे खेचेल तेव्हा थांबायचे. पाय मारतानाही तळावर मारायचे नाहीत, कारण तळाशी गाळ असेल तर एका फटक्यात निळे दालन चहाच्या रंगाचे होते आणि तो गाळ बसायला बराच वेळ लागतो. मुंबईकराला भरती-ओहोटीचे वेळापत्रक पावसाळ्यात साडेचार मीटरच्या बातम्यांमुळे तोंडपाठ असते. तेच ज्ञान इथे उपयोगी पडते. भरतीला गुहेचे तोंड किती उरते, ओहोटीला ओढ कोणत्या दिशेची असते, दिवस उधाणाचा आहे की भांगाचा, हे गाईडला विचारले तर त्याने न अडखळता सांगितले पाहिजे. माएदाला समुद्र खवळलेला असला की पाण्यात उतरायला बंदी असते आणि त्या दिवशी लांबून आलेल्यांनाही परतावे लागते. जो आयोजक अशा दिवशी 'बघू, जमवू' म्हणतो त्याच्याकडून पैसे परत घ्यावेत.

आणखी एक सूचना, जी फारशी सांगितली जात नाही. पाण्याखालून छताकडे पाहिले तर कुठे कुठे पाऱ्यासारखी चकाकणारी डबकी दिसतात. ती पाणबुड्यांच्या उच्छ्वासाची छताशी अडकलेली हवा असते. तिथे डोके घालून रेग्युलेटर काढण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण ती वापरलेली हवा असते. तोंडातला रेग्युलेटर गाईडने स्वतःचा काढून खूण केल्याशिवाय काढायचा नाही.

आता पोहण्याचा प्रश्न. प्रमाणपत्र नसलेल्यांसाठीच्या 'पॅडी'च्या प्राथमिक अनुभवात वय किमान १० वर्षे आणि खोली कमाल १२ मीटर ठरलेली आहे, आणि तो अनुभव छतापर्यंत पाणी भरलेल्या जागेसाठी नाही. त्याला पोहण्याची परीक्षा नसते. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला ती असते. म्हणजे भाचीला सांगितलेले खोटे नव्हते, पण पाण्यात चेहरा बुडवून स्वस्थ राहता येणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आधी आलेली बरी. मुंबईचा समुद्र गढूळ असल्याने इथे उतरून काही दिसणार नाही, मात्र तलावातले दोन तासांचे सत्र इथेच मिळते. त्यानंतर मालवण-तारकर्लीला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात, पावसाळा सोडून एकदा उतरून यावे. तिथे गुहा नाही, आणि पहिल्या वेळी तेच हवे.

भाचीने तलावातले सत्र केले. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घेऊन नाकाने फुंकून ते बाहेर काढायला तिला बारा प्रयत्न लागले. बारावा जमला तेव्हा ती काठावर बसून हसत होती. प्रकृतीची प्रश्नावली तिने आईसमोर बसून भरली, त्यामुळे लहानपणीचा दमा लपवता आला नाही, आणि डॉक्टरांचा दाखला घेऊनच पुढे जावे लागले. दमा, अपस्मार, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काही असेल तर तो रकाना कोरा ठेवणे म्हणजे गाईडलाच अंधारात ठेवणे.

शेवटी वेळापत्रक राहिले. दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. विमानातला दाब जमिनीपेक्षा कमी असल्याने लगेच उड्डाण केले तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास थांबायला सांगते. मालवणहून दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी आंबोलीचा सुमारे ७०० मीटरचा घाट चढणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. उथळ पाण्यातल्या एका डाइव्हनंतर धोका थोडा असला, तरी ते छोटे उड्डाणच आहे आणि रात्रीचा मुक्काम खाली करणे अवघड नसते. भाचीचे परतीचे विमान रविवारी सकाळी होते आणि आयोजकाने गुहेसाठी शनिवारी संध्याकाळची वेळ दिली होती. तिने ती बदलून शुक्रवारची सकाळ घेतली.